आधी तपास, मग पाना

सिग्नलला गाडी थांबली की स्टिअरिंग थरथरतं, आरपीएमचा काटा वरखाली होतो, एसी लावला तर इंजिन बंद पडेल की काय असं वाटतं. आणि रस्ता मोकळा मिळाला की सगळं सुरळीत. ‘मिसिंग’ची ही तक्रार गॅरेजमध्ये आली की ठरलेला क्रम सुरू होतो. प्लग बदलायचे, थ्रॉटल बॉडी धुवायची, इंजेक्टर साफ करायचे, तरीही जमलं नाही तर कॉइल. यातल्या एखाद्या पायरीवर गाडी सुधारतेही, आणि तिथेच या पद्धतीचं फावतं. माझं म्हणणं असं की आयडलिंगचा दोष बराचसा नवा पार्ट मागवण्याआधीच पकडता येतो, कारण तो कधी दिसतो आणि कधी दडतो यातच त्याचा पत्ता असतो.

चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आयडलला साधारण ७०० ते ९०० आरपीएमवर फिरतं. ८०० धरले तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो, म्हणजे सेकंदाला सात वेळाही नाही. इतक्या संथ गतीत फ्लायव्हीलजवळ साठलेला जोर तुटपुंजा असतो. एक ठिणगी चुकली की तिचा धक्का थेट सीटपर्यंत पोचतो. दुसरी गोष्ट हवेची. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि इंजिन अगदी थोडी हवा ओढतं. अशा वेळी चिरलेल्या व्हॅक्यूम पाइपमधून किंवा कडक झालेल्या मॅनिफोल्ड गॅस्केटमधून आत शिरलेली चोरटी हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा ठरते. रेस दिली की थ्रॉटलमधून येणारी हवा कित्येक पटींनी वाढते आणि तीच गळती नगण्य होते. म्हणून आयडलला खराब आणि २५०० आरपीएमवर ठीक अशी गाडी बहुधा हवेच्या गळतीकडे बोट दाखवते. उलट, भार पडल्यावर त्रास वाढत असेल तर पेट्रोलचा दाब किंवा ठिणगी आधी तपासावी. न्यूट्रलमध्ये काटा स्थिर आहे, आवाज एकसारखा आहे आणि तरीही केबिन थरथरतंय, तर इंजिन निर्दोष असून इंजिन ज्यावर टेकतं त्या फाउंडेशनचं रबर फाटलेलं असण्याचीच शक्यता जास्त. अशा गाडीला कितीही प्लग घाला, काही फरक पडत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो स्कॅनरचा. मशीन जोडलं की कोड येतो, मग डोकं कशाला चालवायचं? पण कोड ही तक्रार आहे, निदान नव्हे. पी ०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, एवढंच. कॉइल गेली, प्लग गेला, इंजेक्टर तुंबला की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, हे कोड सांगत नाही. ज्या इंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते, तिथे दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर बसवून गाडी चालवावी. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल दोषी. पी ०३०२ च राहिला तर कॉइलला सोडून पुढे जावं. खर्च शून्य. स्कॅनरचा खरा उपयोग चालू आकड्यांसाठी आहे. फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोलच्या मापात केलेली दुरुस्ती, आयडलला अधिक १५-२० टक्के आणि रेस दिल्यावर शून्याजवळ, हा हवा चोरून आत येत असल्याचा भक्कम पुरावा आहे, पण हवेचं माप सेन्सरने थेट घेणाऱ्या गाडीत. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्या मॅनिफोल्डमधला दाब मोजून पेट्रोल ठरवतात. तिथे गळतीची हवाही मोजली जाते, तेवढं पेट्रोल वाढतं आणि ट्रिम फारसा हलत नाही. फक्त आयडल चढतं. म्हणजे आकडा वाचतानाही तो कुठल्या इंजिनातून आला हे ठाऊक हवं.

सीएनजी गाड्यांत हा गोंधळ आणखी वाढतो. पेट्रोलवर छान आणि गॅसवर मिसिंग, म्हणजे किटच खराब, असा निकाल चटकन दिला जातो. पण गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल पेट्रोलवर कशीबशी निभावते आणि गॅसवर उघडी पडते. किटमधल्या रेड्यूसरला हात लावण्याआधी प्लगची गॅप मोजावी. दोन्ही इंधनांवर एकच सिलिंडर मरत असेल तर इंधनावरचा संशय जवळपास संपतो. ठिणगीही ठीक निघाली तर कॉम्प्रेशन गेज लावायची वेळ आली. गॅसवर फार चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्ह सीट झिजून टॅपेटची गॅप कमी होते आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. एकच सिलिंडर मरतो की सगळे, हा न्याय इथेनॉलच्या ओरडीलाही लावता येतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे कॉम्प्युटरला पेट्रोल थोडं जास्त सोडावं लागतं, हे खरं. पण ते पेट्रोल चारही सिलिंडरना सारखंच मिळतं. एकच सिलिंडर वारंवार चुकत असेल, तर त्याचं खापर पंपावर फोडता येणार नाही.

दुसरा आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. प्लगचा सेट स्वस्त, मेकॅनिकचा तास महाग. मग बदलून पाहण्यात वाईट काय? जुने, मुदत संपलेले प्लग बदलायला माझी हरकत नाही, ती देखभालच आहे. पण अंदाजाने घातलेला प्रत्येक नवा पार्ट पुरावा पुसतो. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कोणालाच कळत नाही. कनेक्टर काढून पुन्हा लावल्यामुळेही काही दिवस बरं वाटतं आणि श्रेय नव्या कॉइलला जातं. शिवाय मिसफायर चालू ठेवून प्रयोग करत बसलं की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो निकामी होतो. त्या एका पार्टच्या किमतीत तपासाचे कितीतरी तास बसतात.

खरी अडचण बिलात आहे. ग्राहक प्लगचे पैसे निमूटपणे देतो, पण ‘तपासणी’ अशी ओळ दिसली की घासाघीस करतो. तपासाला दाम नसेल तर मेकॅनिक पार्टच विकणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तेव्हा गाडी टाकताना एवढं करा: दोष गार इंजिनला येतो की गरम, एसीवर की एसीविना, पेट्रोलवर की गॅसवर, हे लिहून द्या, कोणती चाचणी केली ते विचारा, काढलेले पार्ट परत मागा, आणि तपासाचे पैसे वेगळे, न कुरकुरता द्या.