काळजाची धडधड

अपरात्रीं एकाएकीं जाग यावी, सारें घर निजलेलें असावें, आणि आपल्याच छातींतील ठोके उशीवर टेकलेल्या कानांत ऐकूं यावेत, हा अनुभव ज्या भगिनींना आला असेल त्यांना त्या वेळचें भय वेगळें सांगावयास नको. मला तो प्रथम २००८ सालीं आला. त्या वर्षीं माझे वडील गेले. दिवसा कामाच्या रगाड्यांत कांहीं जाणवत नसे. परंतु रात्रीं दोनच्या सुमारास काळीज असें धडधडूं लागे कीं, आतां सकाळ कांहीं दिसत नाहीं असें वाटे.

सासूबाई शेजारच्या खोलींत निजत. माझी चाहूल लागतांच त्या उठत, कांहींएक न विचारतां मला मोरीवर नेऊन तोंडावर गार पाण्याचे चार हबके मारावयास लावीत, माठांतील वाळ्याचें पाणी घोट घोट पाजीत, आणि मग पाठीवर हात ठेवून विष्णुसहस्रनाम म्हणवीत. तेंहि माझ्या घाईनें नव्हे, तर त्यांच्या सावकाश चालीनें. ‘एका श्वासांत एक श्लोक’ हा त्यांचा दंडक. पंधरा-वीस श्लोक होतात न होतात तों छाती शांत होई. सकाळीं मोरावळा मिळे, आणि चहाचा तिसरा पेला हातांतून काढून घेतला जाई. डाव्या कुशीवर निजूं नकोस, हेंहि त्याच सांगत. त्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीशीं अधिक सरकतें व ठोके अधिक जाणवतात, एवढेंच त्याचें कारण.

माझें शिकलेलें मन या उपायांना प्रथम हंसलें, हें कबूल करतें. पुढें वाचनांत आलें कीं, चेहऱ्यावर गार पाणी पडलें म्हणजे तेथील मज्जातंतूंचा संदेश मेंदूस पोंचतो व व्हेगस नांवाच्या मज्जातंतूमार्फत हृदयाची गति मंदावते. पाण्यांत बुडी मारणाऱ्या प्राण्यांत हीच योजना फार प्रबळ असते. श्लोकांचें तर याहून नवल! ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें २००१ सालीं इटलींतील बर्नार्डी व त्यांचे सहकारी यांनीं २३ निरोगी माणसांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणा किंवा ‘ॐ मणि पद्मे हुम्’ म्हणा, श्वास मिनिटास सुमारें सहावर येतो, आणि हृदय व रक्तदाब यांच्या लयी परस्परांशीं जुळतात, असें त्यांस आढळलें. सासूबाईंचे श्लोक मीं घड्याळ लावून पाहिले. मिनिटास सहाच भरले. मोरावळ्याविषयीं मात्र असा कांहीं पुरावा मी देऊं शकत नाहीं. परंतु कोणी आपल्यासाठीं बरणी उघडतें, हेंहि थोडें नव्हे.

तरीहि यजमानांच्या आग्रहास्तव मी डॉक्टरांकडे गेलें. रक्तांत लोह कमी असलें किंवा गळ्यांतील थायरॉईड ग्रंथि जास्त काम करूं लागली, तरी काळीज धडधडतें. म्हणून त्यांनीं रक्त तपासलें, हृदयाचा विद्युत्‌-आलेख काढला. सर्व निर्दोष निघालें. माझी धडधड दुःखाची, जागरणाची व चहाची होती. निघतांना त्यांनीं मला नाडी पाहावयास शिकविलें. अंगठ्याच्या मुळाशीं मनगटावर तीन बोटें हलकेच ठेवून पुरें एक मिनिट मोजावें. स्वस्थ बसलें असतां ६० ते १०० ठोके ठीक. मात्र नुसता आंकडा न पाहतां ताल पाहावा. आणि धडधडीबरोबर छातींत कळ, धाप किंवा घेरी येत असेल, तर घरगुती उपाय करीत न बसतां तडक रुग्णालय गांठावें.

नवी विद्या हातीं आली कीं मनुष्य ती सर्वांवर चालवूं पाहतो. यजमानांची नाडी झाली, मुलांची झाली. एके सायंकाळीं गवार निवडीत बसलेल्या सासूबाईंचा हात मीं थट्टेनेंच हातांत घेतला. पहिल्या दहा ठोक्यांतच माझी थट्टा मावळली. दोन ठोके लगबगीनें येत, मग एक चुकल्यासारखा होई, मग तीन पाठोपाठ. ताल म्हणून नाहींच.

“आई, तुम्हांला धडधडतें का हो?”

“अगं, वर्ष झालें असेल. पाणी मारतें, श्लोक म्हणतें, कीं बरें वाटतें. करून पाहिल्याशिवाय का तुला सांगत होतें?”

त्यांच्या हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावतां नुसते थरथरत होते. तेथें रक्त सांकळतें, गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूंत गेली कीं पक्षाघात. अशा माणसास त्याचा धोका इतरांच्या सुमारें पांचपट असतो, आणि धडधड शमल्यासारखी वाटली तरी तो धोका शमत नाहीं. वर्षभर त्या माझ्या उशाशीं बसल्या. त्यांना कसें वाटतें, हें मीं एकदांहि विचारलें नव्हतें.

रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली. पालेभाजी रोज साधारण सारख्याच मापानें करण्याची ताकीद मिळाली, कारण तींतील ‘के’ जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध काम करतें. दुधांत उकळलेली अर्जुनसाल त्या गुपचूप घेत होत्या, तेंहि डॉक्टरांपुढें उघड झालें. त्या दिवशीं सासूबाई जेवल्या नाहींत. “माझें सारें खोटेंच ठरलें तर,” एवढेंच बोलल्या.

रात्रीं मीं त्यांना विदरिंगची हकीकत सांगितली. विल्यम विदरिंग हा इंग्लंडांतील वैद्य. १७७५ सालीं त्याच्याकडे जलोदरावरील एक घरगुती काढा आला. श्रॉपशायरमधील एक वृद्धा तो देत असे. त्यांत वीसएक वनस्पति होत्या. गुण कोणाचा, हें शोधीत तो डिजिटॅलिस या फुलझाडापाशीं आला, आणि दहा वर्षें मात्रा पारखून १७८५ सालीं त्यानें त्यावर ग्रंथ लिहिला. “तुमची गति आवरणारी ती लहान गोळी त्याच कुळांतली आहे, आई,” मीं म्हटलें. त्यांनीं लक्ष देऊन ऐकलें, आणि विचारलें, “त्या बाईचें नांव काय?”

तें त्यानें ग्रंथांत दिलें नाहीं, हें मला सांगावें लागलें. “वाटलेंच,” असें म्हणून त्यांनीं गोळी तोंडांत टाकली.

त्यानंतर आठ वर्षें गोळी व श्लोक दोन्ही नेमानें चालले. २०१७ सालीं, ८६ व्या वर्षीं, त्या न्युमोनियानें गेल्या. पक्षाघात त्यांना झाला नाहीं. नाडीच्या आंकड्यांची त्यांची वही माझ्यापाशीं आहे. रोज सायंकाळीं मी त्यांची नाडी मोजीत असें, आणि नंतर माझा हात घेऊन त्या माझी मोजीत. शेवटच्या पानावर त्यांच्या हातचा आंकडा आहे तो माझा: ७२.