बोरिवलीची लाटणावळ

शिक्षकी संपवून आम्ही पार्ले सोडलें व बोरिवलीस राहावयास आलों. सकाळच्या फेरफटक्यांत झांकणाचे डबे घेऊन लगबगीनें चाळीकडे परतणाऱ्या स्त्रिया येथें वारंवार दिसतात. डब्यांत मळलेलें उडदाचें पीठ असतें. तें घरीं लाटावयाचें, पापड वाळवून दुसऱ्या दिवशीं पोंचते करावयाचे आणि लाटणावळ घ्यावयाची.

ह्या रीतीचें मूळ गिरगांवांत आहे. १५ मार्च १९५९ रोजीं तेथील एका गच्चीवर सात गुजराती गृहिणींनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशीं चार पुडकीं झालीं. त्या पावसाळ्यांत पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने बंद पडलें. पुढल्या वर्षीं त्यांनीं खाट आणि शेगडी आणली. खाटेवर पापड, खालीं शेगडी! व्याकरण शिकविण्यांत जन्म घालविलेल्या आम्हांस ही युक्ति सुचली नसती. १९६१ सालीं मालाडास काढलेली शाखा चालली नाहीं. तोटा आला तरी देणगी घ्यावयाची नाहीं, हा त्यांचा आरंभापासूनचा बाणा. 'लिज्जत' हें नांव आज घरोघरीं ठाऊक आहे. परंतु लाटणारी प्रत्येक बहीण तेथें मजूर नसून मालकीण आहे, हें किती वाचकांस ठाऊक असेल?

१९६६ सालीं ह्या संस्थेस खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. त्या आयोगाचें कार्यालय पार्ल्यास, इर्ल्याच्या रस्त्यावर आहे. आमचें एकत्र कुटुंब तेथून फार दूर नव्हतें.

त्या घरांत आमच्या थोरल्या वहिनी ऐन तारुण्यांत विधवा झाल्या. त्यांचा पापड धरला तर पलीकडचें दिसावें, असा पातळ. १९८० च्या सुमारास त्यांनीं पापड करून विकण्याची गोष्ट काढली, तेव्हां "आपल्या घरचें अन्न का विकावयाचें?" असें म्हणून तिला मोडता घातला तो आम्हींच. अन्नदानाचीं दोन सुभाषितेंही ऐकविलीं. वहिनी गप्प बसल्या. त्यानंतर पोस्टाच्या तिकिटापुरते पैसे हवे असले तरी त्या दाराशीं येऊन उभ्या राहात.

परवां त्यांना भेटावयास गेलों असतां बोरिवलीच्या डब्यांची हकीकत सांगितली. त्यांनीं सारें ऐकून घेतलें.

"भावोजी, लाटणावळ त्या बायांच्याच हातीं देतात ना?"

"होय, त्यांच्याच."

"किती मिळते?"

तें आम्ही विचारलें नव्हतें. "उद्यां विचारून या," त्या म्हणाल्या.