विद्वत्परिषदेची वर्गणी

मानसशास्त्र शिकणाऱ्या माझ्या नातीस त्या विषयाच्या विद्वत्परिषदेचें सभासद व्हावयाचें आहे. घरांतील मंडळींस ती वर्गणी व्यर्थ वाटते. मला तसें वाटत नाहीं. मेरी कॅल्किन्स ह्या अमेरिकन विदुषीनें १८९५ सालीं हार्वर्ड येथील परीक्षकांस आपल्या विद्वत्तेनें संतुष्ट केलें. परंतु केवळ स्त्री म्हणून विद्यापीठानें तिला डॉक्टरची पदवी नाकारिली. त्या देशाच्या मानसशास्त्र परिषदेनें मात्र १९०५ सालीं तिलाच अध्यक्षपदीं बसविलें. विद्यार्थ्यास अशा परिषदेंत नवें संशोधन वाचावयास मिळतें, स्वतःचा निबंध मांडतां येतो आणि चुका दाखविणारे वडीलधारे अभ्यासक भेटतात. एकट्यानें केलेलें अध्ययन पाठ होतें. चार जाणत्यांपुढें मांडिलेलें पारखलें जातें. वाचकहो, मुलांच्या पुस्तकांचा खर्च आपण करितोंच. ही वर्गणीहि त्यांतच धरावी.