पहाडगंजातून दिसणारा युरोप

युरोपबद्दल ठाम मत नसलेला माणूस आमच्या पहाडगंजात शोधूनही सापडायचा नाही. नवी दिल्ली स्टेशनातून बाहेर पडलं की समोर मेन बाजार सुरू होतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांत कित्येक वर्षांपासून स्वस्तात राहणारे परदेशी प्रवासी उतरतात. इथला चहावाला कधी दिल्लीबाहेर गेलेला नसतो, पण इंग्रज किती चिकट, इटालियन किती बडबडे आणि जर्मन सुट्टे पैसे कसे मोजून घेतात, हे तो तुम्हाला छातीठोकपणे सांगेल.

मी १९८५ साली लग्न होऊन साताऱ्याहून इथे आले. सासरे रेल्वेत होते. दोन खोल्यांचं घर, जवळच नूतन मराठी शाळा, गणपतीत भेटणारी मराठी मंडळी. घरात सातारा, गल्लीत पंजाब आणि कोपऱ्यावर युरोप, असा आमचा संसार.

सासूबाईंनी सत्तरच्या दशकातले हिप्पी पाहिले होते. तेव्हा ही मंडळी इस्तंबूल, तेहरान, काबूल करत बसने यायची. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षाअखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या आणि ती वाट बंद झाली. सासूबाईंची मतं मात्र तिथेच थांबली. पहिलं मत, "यांच्या घरी आंघोळीला पाणी नसतं का गं?" आणि दुसरं, "यांना आईबापांची माया नसते. म्हातारे झाले की आश्रमात टाकतात आणि मोकळे होतात."

हे दुसरं मत एकट्या सासूबाईंचं नव्हतं. सगळ्या गल्लीचं होतं, आजही आहे. राजकारणाबद्दलचं किंवा यंत्रांबद्दलचं मत माणसं वेळ पडली तर बदलतात, हे मात्र कुणी सोडायला तयार नसतं.

राजकारणाचं खातं आमच्या घरी 'ह्यां'च्याकडे. वाजपेयींचं सरकार १९९६ साली तेरा दिवसांत गडगडलं तेव्हा हे म्हणाले होते, "युरोपात असं होत नाही." पुढे २०१७च्या सप्टेंबरात जर्मनीत निवडणूक झाली आणि नवं सरकार यायला मार्च २०१८ उजाडला. बेल्जियमने तर २०१०-११ मध्ये सरकार बनवायला ५४१ दिवस घेतले! त्यावर ह्यांचं म्हणणं, "बघ, सरकार नसतानाही देश चालतो, याला म्हणतात व्यवस्था." ज्याला मत बदलायचं नसतं, त्याला पुरावा दोन्ही बाजूंनी मिळतो. समोरच्या पंजाबी आंटींचं मत याहून खरं वाटतं मला. जर्मनीने २०१५ साली लाखो निर्वासितांना दारं उघडली, तेव्हा टीव्हीवर ते तंबू पाहून त्या गप्प झाल्या होत्या. त्यांचे सासरे १९४७ साली लाहोरहून येऊन किंग्जवे कॅम्पात राहिले होते. "उनको हीटर तो मिला," एवढंच त्या म्हणाल्या.

आमची एकुलती एक लेक २०१४ साली नोकरीसाठी स्टुटगार्टला गेली. हे शहर १९६८पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे म्हणे. बहिणींच्या चेहऱ्यात मला तरी काही साम्य दिसलं नाही. जावई पुण्याचे, तेही तिथेच नोकरीला. तिथून पुढे कोपऱ्यावरचा युरोप आमच्या घरात शिरला.

यंत्रांच्या बाबतीत पहाडगंजची मान ताठ आहे. आमच्या भाजीवालीच्या टोपलीला क्यूआर कोडची पाटी लटकते. लेकीच्या घराजवळच्या बेकरीत मात्र नाणी मोजून द्यावी लागतात. घरी इंटरनेट यायला तिने पाच आठवडे वाट पाहिली, आणि प्रत्येक टप्प्याला टपालाने कागदी पत्र आलं. ह्यांना ते ऐकून फार बरं वाटलं होतं.

घरकामाच्या गोष्टी मात्र ऐकण्यासारख्या. तिकडे जुन्या इमारतींत 'केअरवोखं' नावाची रीत आहे, म्हणजे झाडलोटीचा आठवडा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी अडकवलेली असते. त्याने जिना झाडायचा, पुसायचा आणि आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दारावर. मग तो डॉक्टर असो की बसचा चालक. आमच्या जिन्यात गेली तीस वर्षं 'जिना कुणी झाडायचा' या विषयावर फक्त बैठका झाल्या आहेत.

नातू २०१८ साली झाला. बाळंतपणाला मी डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि जुन्या नऊवारीची दुपटी घेऊन गेले. माझ्या आधीच तिथे सरकारमान्य सुईण हजर! प्रसूतीनंतर ती घरी येऊन आईला, बाळाला तपासून जाते, आणि तिचे पैसे आरोग्य विमा भरतो. जावयांनी दोन महिने रजा घेतली. तिथे २००७पासून पालकभत्ता मिळतो, पगाराच्या साधारण दोन तृतीयांश. आईबाप दोघांनीही रजा घेतली तर मिळून चौदा महिने. जावई घरी आहेत, दुपटी धुताहेत, हे मी फोनवर सांगितलं तर इकडून पहिला प्रश्न आला, "का, नोकरी गेली?" आपल्याकडे केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा असते. ती घेऊन किती जण दुपटी धुतात, हे तुम्हीच आपल्या घरी विचारा.

आता त्या दुसऱ्या मताकडे येते. लेकीच्या इमारतीत तळमजल्यावर चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी राहतात, एकट्याच. पाळी आली की लांब दांड्याचा झाडू घेऊन आपल्या वाट्याचा जिना त्या स्वतः झाडत. गुडघे गेल्यावर सकाळ-संध्याकाळ एक बाई त्यांना न्हाऊमाखू घालायला, औषधं द्यायला येऊ लागली. खर्चाचा मोठा भाग शुश्रूषा विम्यातून. हा विमा तिथे १९९५पासून सक्तीचा आहे, आपल्या पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापतात तसा दरमहा कापला जातो. आजींचा मुलगा चाळीस किलोमीटरवर राहतो. दर रविवारी दुपारी त्याची गाडी खाली लागलेली मी तीन महिने पाहिली. एकही रविवार चुकला नाही.

एका संध्याकाळी आजींनी मला चहाला बोलावलं. लेक दुभाषी. माझी मुलं किती, ती कुठे राहतात, असं त्यांनी विचारलं. "एकच, ही तुमच्या समोर बसलेली," मी सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीही घरी एकट्याच."

लेकीने याचं मराठी करायला जरा वेळ लावला. मी "हे असतात की" म्हणून विषय बदलला, पण तिच्या चेहऱ्याकडे बघवेना.

परतल्यावर मी ह्यांना माहिती काढायला लावली. तिकडची सरकारी आकडेवारी सांगते, की २०२३ अखेर शुश्रूषेची गरज असलेले सुमारे ५७ लाख लोक होते, आणि त्यातल्या दर सातांपैकी सहा जणांची देखभाल घरीच होत होती, बहुतेकांची नातेवाइकांच्या हातून. आश्रमात उरला सातवा. मुलांनी आईबापांना पोसायचं बंधन तिथल्या कायद्यातही आहे. आश्रमाचा खर्च सरकारने उचलला तर २०२०पासून वर्षाला एक लाख युरोंपेक्षा जास्त मिळवणाऱ्या मुलांकडूनच तो मागतात, एवढंच. आपल्याकडेही आईबापांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली करावा लागलाच ना? माया आटत नसती तर न्यायाधिकरण कशाला हवं होतं?

याचा अर्थ तिकडे सगळं गोड आहे असं नाही. आजींच्या घरातली संध्याकाळ फार लांब असते. रविवारी दुकानं बंद, सगळीकडे इतकी शांतता की मिक्सर लावायचीही चोरी. मला तिथे कुकरच्या शिट्टीची आठवण यायची.

लेकीचं म्हणणं, तुम्ही दोघं आता इकडेच या. हे अडुसष्ट वर्षांचे, मागच्या हिवाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडले, तेव्हापासून तिचा धोशा वाढला आहे. पण येणं हे इच्छेवर नसतं. जर्मनीने मार्च २०२४पासून कुशल परदेशी कामगारांना आईवडील आणायची मुभा दिली, ती फक्त त्या तारखेनंतर पहिल्यांदा परवाना मिळालेल्यांना. आमच्या लेकीचा परवाना त्याआधीचा. ज्यांना मुभा आहे त्यांनाही म्हाताऱ्या माणसाचा आरोग्य विमा उतरवताना घाम फुटतो. आम्हाला मिळतो तो पाहुण्यांचा व्हिसा, कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. सोबत निदान तीस हजार युरोंचा प्रवास विमा. एक्क्याण्णवाव्या दिवशी आपण आजी-आजोबा नसतो, मुक्काम लांबवलेले परदेशी असतो.

हे म्हणतात, पहाडगंजातल्या गोऱ्या प्रवाशांनाही व्हिसा संपला की जावंच लागतं, तेव्हा तक्रार कशाला? मला हे पटत नाही. पण उन्हाळ्यात तिकडे जायचं आणि बाकीचे दिवस इथे काढायचे, एवढ्यावर आमचं एकमत झालं आहे. तिकडच्या न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा असतो, तसा आम्ही इथे बसवून घेतला. गवंडी म्हणाला, अशी मागणी पहाडगंजात हल्ली फक्त हॉटेलवाले करतात. सकाळी तासभर यायला एक बाई ठरवली आहे. आणि घराची दुसरी किल्ली समोरच्या आंटींकडे ठेवली आहे. त्यांचीही किल्ली आमच्याकडे असते, कारण त्यांचे दोन्ही मुलगे कॅनडात आहेत. परवा दाराशी उभ्या राहून त्या मला सांगत होत्या, या गोऱ्या लोकांना आईबापांची काही पडलेली नसते.