दूध बंद केलेली पोरगी आणि आमचा गोठा

आज फवारणीचं काही लिहीत नाही, घरातलं लिहितो.

थोरली पोरगी पुण्याला नोकरीला आहे. सहा महिन्यांपासून ती व्हीगन झालीय. म्हणजे मटण-अंडी तर नाहीच, पण दूध, दही, तूप, मधसुद्धा बंद. एप्रिलात खरड छाटणीच्या वेळी पंधरा दिवस घरी होती. आमच्याकडं दोन एचएफ गायी, दोन्ही वेळचं दूध डेअरीला. अशा घरात दूध न घेणारं माणूस.

मटण सोडणं आपल्याकडं सोपं. गावोगाव माळकरी आहेत, त्यांना कुणी आग्रह करत नाही. दूध सोडलेलं माणूस मात्र कुणाला समजतच नाही. पहिल्याच दिवशी आईनं तिच्या भाकरीवर तूप घातलं. पोरीनं ती भाकरी गुपचूप माझ्या ताटात टाकली अन् दुसरी घेतली. आई दोन दिवस गप्प. तिला वाटलं, पोरीला काही आजार झालाय अन् आपल्यापासून लपवतीय. पाहुण्यांकडं गेलं की आधी चहा. कोरा द्या म्हणलं तर त्यांना वाटतं, घरात दूध नाही म्हणून ही सांभाळून घेतीय. लगेच पोराला दूध आणायला पिटाळतात. सत्यनारायणाचा प्रसाद तुपातला, तीर्थ म्हणजे पंचामृत. तिथं नाही म्हणायला लई धीर लागतो. हिरवा ठिपका बघून बिस्किटं आणली तर मागं बारीक अक्षरात दूध पावडर. 2022 पासून व्हीगन पदार्थांना वेगळं हिरवं चिन्ह आहे, पण आमच्या गावच्या दुकानात एकाही पुड्यावर दिसलं नाही.

खाण्यावाचून मात्र काही अडलं नाही. खुरासणीची चटणी, मटकीची उसळ, शेंगदाण्याचा ठेचा, पेठ-सुरगाण्याकडची नागली. 100 ग्रॅम नागलीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात 120 च्या आसपास. फक्त बी-12 झाडपाल्यातून मिळत नाही, त्याची गोळी लागते. ती घेते, मी डबी बघितली.

एक दिवस बागेत शेणखत भरताना मला राहवलं नाही. म्हणलं, "ताई, ही द्राक्षं शेणावर वाढतात. मग ती कशी चालतात तुला?"

"पप्पा, शेण गाय टाकतेच. दूध वासराचं असतं." मग म्हणाली, "मागच्या वर्षीचा गोऱ्हा कुठंय?"

गोऱ्हा झाला की कुणी पेढे वाटत नाही, हे डेअरीला दूध घालणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. एचएफच्या गोऱ्ह्याला वशिंड नाही, तो औताला चालत नाही, अन् औत तरी आता कुणाकडं राहिलंय? गाय-वासरांच्या कत्तलीला राज्यात आधीपासून बंदी होतीच, 2015 पासून बैलांनाही लागू झाली. त्यामुळं बाजारात गिऱ्हाईक नाही अन् चारा तर रोज लागतो. मग कुणी गोशाळेत घालतं, कुणी रात्री हायवेला सोडून येतं. आमचा गोशाळेत दिला, पावती फाडली. तेवढं सांगितलं. ती पुढं बोलली नाही.

गोठा मी बंद करणार नाही. द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदा, तोही गारपिटीतून वाचला तर. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो. किराणा अन् धाकट्याची फी त्यावरच. शेणखत विकत घ्यायचं तर ट्रॉलीचा भाव तुम्हाला माहीत आहे. पोरीची फीसुद्धा त्याच दुधातून भरली, हे तिला समजतं. गायी विका असं ती कधी म्हणाली नाही.

या खेपेला गाय भरवताना डॉक्टरांना कालवडीची कांडी टाकायला सांगितली. तिच्यात दहाला नऊ कालवडी होतात. साध्या कांडीपेक्षा महाग पडते, पण टाकली. पोरीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अन् दहावा?"

झाला तर ठेवीन म्हणलं. आई मागून ओरडली, चारा कोण देणार. बघू.