मांडवीचा मुक्काम

प्रवास आणि विश्रांति ह्या दोन शब्दांची आजकाल अशी कांहीं गांठ बांधली गेली आहे कीं, दहा दिवसांत बारा गांवें पाहून आलेला गृहस्थ आपण विश्रांति घेऊन आलों असें सांगतो आणि पुढील आठवडाभर अंग दुखतें म्हणून निजून राहतो. ह्या पद्धतीवर आमचा मुळींच लोभ नाहीं. गेल्या हिंवाळ्यांत तर आमच्या घरीं विश्रांतीचा प्रश्न खरोखरीच उभा राहिला. आमच्या थोरल्या बंधूंनीं अर्धांगवायूनें नऊ वर्षें अंथरूण धरलें होतें. त्यांचें वर्षश्राद्ध झालें आणि वहिनी मोकळ्या झाल्या. पण त्यांच्या झोपेला तें कळलें नाहीं. औषधाच्या जुन्या वेळांना त्या रात्रीं तीनदां उठून बसत. पुतण्यानें द्वारका, सोमनाथ, नारायणसरोवर आणि पांढरें रण असा सात दिवसांचा तक्ता आखून आणला. वहिनींनीं तो वाचला, घडी घालून परत दिला आणि आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, देवदर्शन पुढें होईल. मला आधीं कोठें तरी नुसतें बसूं द्या. समोर मोकळें दिसलें म्हणजे झालें."

समुद्र मोकळा आणि वाळवंटहि मोकळें. दोन्ही एका ठिकाणीं हवीं म्हणून आम्हीं कच्छमधील मांडवी निवडली.

कच्छ शब्दाचा अर्थ अमरकोशांत पाहूं जातां पाणथळ भूमि असा सांपडतो. ज्या प्रांतांत वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आंतबाहेर पाऊस पडतो, जेथें नदीच्या पात्रांतून वर्षाचे कित्येक महिने कोरड्या पायांनीं चालत जातां येतें, त्याला पाणथळ म्हणणें ही प्रथम थट्टा वाटते. परंतु नकाशा पुढें घेतला म्हणजे कोशकाराचें म्हणणें पटतें. उत्तरेस व पूर्वेस रण आहे. तें पावसाळ्यांत पाण्याखालीं जातें आणि हिंवाळ्यांत वाळून मिठाचें पटांगण होतें. दक्षिणेस कच्छचें आखात आहे. रण हा शब्दहि संस्कृत 'इरिण', म्हणजे खारी नापीक भूमि, ह्यापासून आला असें मानतात. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या 'पेरिप्लस' ह्या ग्रीक ग्रंथांत त्याचें नांव इरिनॉन असें दिलें आहे. मांडवी म्हणजे जकातीची जागा. मुंबईस मसजिद बंदराजवळ जी मांडवी आहे ती ह्याच अर्थाची, आणि तेथील पेठांत कच्छी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. कच्छची मांडवी सोळाव्या शतकांत राव खेंगारजी पहिले ह्यांनीं रुक्मावती नदीच्या मुखाशीं वसविली.

मुंबईहून भूजपर्यंत थेट आगगाडी आहे. दुपारीं किंवा सायंकाळीं बसलें म्हणजे दुसरे दिवशीं सकाळीं भूज येतें, आणि तेथून मांडवी सुमारें ६० किलोमीटर राहते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दुपारचें ऊन सोसवतें, परंतु पहांटे बोचरी थंडी असते. तेव्हां शाल घ्यावीच. दिवाळीनंतरचे कांहीं दिवस मात्र टाळावेत, कारण तेव्हां साऱ्या गुजराथेंतून मंडळी लोटतात आणि किनाऱ्यावर उंट, घोडे व यंत्राच्या होड्या ह्यांची जत्रा भरते. शनिवार-रविवारींहि थोडाफार तोच प्रकार. अर्थात्‌ वाळूंतून पंधरा-वीस मिनिटें चालण्याची तयारी असेल तर जत्रा मागें राहते.

आमच्या पुतण्याच्या तक्त्यांत प्रत्येक दिवस सकाळीं साडेपांचला सुरू होत होता. ह्यावर आम्हीं भूगोलाचा उतारा दिला. आपलीं घड्याळें ८२½ अंश रेखांशावर चालतात; मांडवी ६९ अंशांच्या थोडी पूर्वेस आहे. दर अंशास चार मिनिटें ह्या हिशेबानें तेथील सूर्य घड्याळाच्या सुमारें ५२ मिनिटें मागें राहतो. जानेवारींत सात वाजून गेले तरी उजाडलें असें म्हणवत नाहीं. मग साडेपांचला उठून अंधार पाहावयाचा काय? मांडवींत सूर्यच उशिरां उठतो, आणि ती सवलत पाहुण्यांनीं निःसंकोच घ्यावी. वहिनींनीं दोन दिवस घेतली नाहीं; तिसऱ्या दिवशीं आम्ही चहा घेऊन दाराशीं गेलों तों आंतून घोरणें ऐकूं आलें. आम्ही चहा स्वतःच पिऊन टाकला.

मुक्काम आम्हीं पांच दिवसांचा ठेवला आणि पांढरें रण त्यांतून वगळलें. मांडवीहून धोर्डो सुमारें १४० किलोमीटर. जाऊन-येऊन एक दिवस मोटारींतच संपतो. ज्यांना तें पाहावयाचें असेल त्यांनीं निराळा प्रवास करावा. घड्याळाऐवजीं आम्हीं पंचांग मात्र जवळ ठेवलें होतें. आखाताच्या ह्या भागांत भरती-ओहोटीचा फरक मोठा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण येतें, अष्टमीच्या सुमारास भांग असतो. उधाणाच्या ओहोटीला वाळू दूरवर उघडी पडते. म्हाताऱ्या माणसांनीं फिरावें तें तेव्हां. ओली वाळू घट्ट असते, गुडघ्यांना त्रास होत नाहीं.

गांवांत पाहण्यासारखें म्हणाल तर आम्ही सर्वांत अधिक वेळ रुक्मावतीच्या कांठीं काढला. तेथें आजहि लांकडी जहाजें बांधतात. साल जातीचें लांकूड मलेशियाहून येतें. फासळ्यांना बाभळ लागते, कारण तिचा जन्मजात बांक कामीं येतो. कागदावर आराखडा बहुधा नसतोच. मिस्त्रीच्या डोळ्यांत असतो. एका जहाजास दोन-दोन वर्षें लागतात, आणि मोठ्या भरतीच्या वेळीं तें पाण्यांत लोटतात. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी शिरूं नये म्हणून कापसाच्या वळलेल्या दोऱ्या त्यांत छिन्नीनें ठोसून बसवितात. हें काम चालू असतां वहिनी एका पडक्या ओंडक्यावर दोन तास बसून होत्या. आयुष्यभर वाती वळलेल्या बाईला तो कापूस पाहवेना. अखेर त्यांनीं आपल्या मोडक्या हिंदींत कारागिरास विचारलेंच कीं, वात इतकी सैल कां वळतोस? त्यानें हंसून छिन्नी त्यांच्या हातीं दिली. दोन ठोके मारल्यावर सैलपणाचें कारण त्यांना कळलें, आणि दुसरे दिवशीं त्या आम्हांस न विचारतां एकट्याच तिकडे गेल्या.

विजयविलास राजवाडा तांबड्या दगडाचा, १९२० च्या दशकांतला. तासाभरांत पाहून होतो. क्रांतितीर्थास मात्र शांतपणें जावें. पंडित श्यामजी कृष्णवर्मा ह्यांचा जन्म १८५७ सालीं मांडवीस झाला. ऑक्सफर्डला ते मोनियर विल्यम्स ह्यांचे साहाय्यक होते. त्याच विल्यम्स साहेबांच्या कोशाचीं पानें उलटण्यांत आमची उभी हयात गेली. १९०६ सालीं लोकमान्यांच्या शिफारशीवर सावरकर विलायतेस गेले, तेहि श्यामजींच्याच शिष्यवृत्तीवर. १९३० सालीं जिनेव्हांत वारलेल्या ह्या पुरुषाच्या अस्थि २००३ सालीं स्वदेशीं आल्या, आणि २०१० सालीं हें स्मारक खुलें झालें. लंडनच्या इंडिया हाउसची प्रतिकृति तेथें उभारली आहे.

पाण्याविषयीं एक सूचना. २०२२ सालीं नर्मदेच्या कालव्याची कच्छ शाखा मांडवी तालुक्यापर्यंत पोहोंचली खरी, तरी त्या भूमींत पाणी अजून मोलाचेंच आहे. पुण्याच्या संवयीनें नळ सोडून दांत घासूं नयेत. जेवणाची अडचण शाकाहारी मंडळींना पडत नाहीं. बाजरीचा रोटला, खिचडी, कढी, गूळ, ताक सर्वत्र मिळतें. आपल्याकडे गाडीगाडीवर विकली जाणारी कच्छी दाबेली मूळची मांडवीचीच मानतात. लसणाची चटणी नको असल्यास ती अगोदर सांगावी, मागाहून काढतां येत नाहीं. परतीची गाडी भूजहून रात्रीं असते. शेवटची दुपार त्यामुळें किनाऱ्यावरच घालवतां येते, आणि सामान सकाळींच बांधून ठेवलें तर उन्हें कलेपर्यंत कोणी उठवावयास येत नाहीं.