किमतीच्या शेवटचे सत्त्याण्णव

अमेरिकेच्या नैर्ऋत्य टोकाला, मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून सॅन डिएगो हे शहर आहे. पाहुणे तिथे जातात ते समुद्रकिनारा, बाल्बोआ पार्क आणि प्राणिसंग्रहालय पाहायला. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागल्यावर आम्ही दोघे सोलापूरहून तिथे धाकट्या बहिणीकडे गेलो, तेव्हा हे सगळे पाहिले. पण घरोघरच्या वाचकांना सांगण्यासारखे जे मिळाले, ते मोरेना बुलेव्हार्ड नावाच्या रस्त्यावरच्या एका गोदामात मिळाले. म्हणून समुद्र बाजूला ठेवून त्या गोदामाविषयी लिहीत आहोत.

हे गोदाम म्हणजे कॉस्टको या कंपनीचे दुकान. बाहेरून पाहिले तर कारखानाच वाटावा. पण साऱ्या अमेरिकेत पसरलेल्या एका धंद्याची सुरुवात याच जागेवर झाली. सोल प्राइस नावाच्या वकिलाने १९७६ साली, पूर्वी विमानांच्या कामासाठी वापरलेल्या इथल्या इमारतीत ‘प्राइस क्लब’ सुरू केला. कल्पना साधी होती. ग्राहकाने वर्षाची वर्गणी भरून सभासद व्हायचे आणि दुकानाने त्याला घाऊक भावाच्या जवळपास माल द्यायचा. आधी फक्त छोट्या व्यावसायिकांना प्रवेश होता, नंतर नोकरदार कुटुंबांनाही मिळाला. सोल प्राइस यांच्या हाताखाली धंदा शिकलेले जिम सिनेगल यांनी जेफ्री ब्रॉटमन यांच्यासोबत १९८३ साली सिअ‍ॅटल शहरात कॉस्टको काढले. १९९३ साली दोन्ही कंपन्या एक झाल्या.

आज साध्या सभासदाची वर्गणी वर्षाला ६५ डॉलर आहे, म्हणजे साडेपाच हजार रुपयांच्या आसपास. दारात कार्ड दाखवल्याशिवाय आत जाता येत नाही. एका सभासदाला सोबत दोन पाहुणे नेता येतात, पण खरेदी सभासदानेच करायची. बहिणीचे कार्ड आणि आम्ही दोन पाहुणे, असा हिशेब बरोबर जुळला.

आत सजावट म्हणून काही नाही. खाली सिमेंटची फरशी, वर लोखंडी मांडण्या, आणि माल ज्या लाकडी फळ्यांवर ट्रकमधून उतरला त्याच फळ्यांवर विक्रीला ठेवलेला. एरवी तिथल्या मोठ्या किराणा दुकानात तीस-तीस हजार प्रकारच्या वस्तू असतात. इथे सुमारे ४,००० असतात. एका वस्तूचे दहा प्रकार ठेवण्यापेक्षा एक-दोन ठेवायचे, भरपूर घ्यायचे आणि भाव पाडून आणायचा, ही त्यांची रीत. नफ्यालाही त्यांनी मर्यादा घालून घेतली आहे. बाहेरच्या कंपन्यांच्या मालावर साधारण १४ टक्के आणि स्वतःच्या ‘कर्कलंड’ या नावाच्या मालावर १५ टक्के, त्याहून जास्त चढवायचे नाहीत, असे सिनेगल यांनी जाहीरपणे सांगितले होते. कंपनीची खरी कमाई वर्गणीतून होते.

आपल्याकडे सेल लागला की दुकानावर लाल अक्षरांचा फलक येतो, ‘५० टक्के सूट’ म्हणून रिक्षा फिरते. इथे तसे काही नव्हते. सगळ्या वस्तूंवर एकसारखी पांढरी पाटी आणि काळे आकडे. मग स्वस्त झालेला माल ओळखायचा कसा?

“आपा, इथे किंमत मागून वाचायची,” बहीण म्हणाली.

तिने आम्हाला पाट्या वाचायला शिकवले. किमतीच्या शेवटी ९९ सेंट असतील तर तो नेहमीचा भाव. शेवटी ९७ दिसले तर भाव उतरवला आहे, माल संपवायचा आहे. शेवटी ०० किंवा ८८ असेल तर ते त्या दुकानाच्या व्यवस्थापकाने ठरवलेले असते; शेवटचे चार-दोन नग, परत आलेली वस्तू, फाटलेले खोके असा तो माल असतो. ४९ किंवा ७९ असे वेगळेच आकडे असले तर बहुधा माल बनवणाऱ्या कंपनीने दिलेली सवलत. आणि पाटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बारीक तारा असेल तर ती वस्तू संपल्यावर पुन्हा मागवली जाणार नाही. या खुणांचा अर्थ सांगणारा फलक दुकानात आम्हाला कुठे दिसला नाही. जुने ग्राहक नव्यांना सांगतात, तशी ही विद्या चालत आली आहे.

दुसरी गोष्ट हंगामाची. हे दुकान ऋतूच्या पुढे धावते. थंडीचे कपडे ऑगस्टमध्ये येतात, बागेतल्या खुर्च्या-टेबले जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणून ऋतू ऐन भरात असतो तेव्हा त्याचा माल उतरणीला लागलेला असतो, कारण पुढच्या मालाला जागा हवी असते. लहान मुलांचे पूर्ण बाह्यांचे रात्रीचे कपडे आम्ही पाहिले. बहिणीने ते पूर्वी १९.९९ ला पाहून सोडले होते. मग १२.९७ झाले. आम्ही गेलो त्या दिवशी पाटीवर ९.९७ होते आणि वर तारा. तिने मापे तपासून दोन जोड घेतले. तेवढ्यासाठी ती तीन महिने थांबली होती.

ही हौस असेल असे आम्हाला आधी वाटले. काही लोकांना स्वस्त वस्तू शोधण्याचा नाद असतो. चार दिवसांनी रात्री जेवणानंतर तिने वही पुढे ठेवली तेव्हा खरे कळले. आमच्या मेहुण्यांची नोकरी जाऊन आठ महिने झाले होते. कंपनीने एका दिवसात बऱ्याच लोकांना घरी पाठवले, त्यात ते होते. आता मिळेल ते तात्पुरते काम करतात. घरभाडे, मुलांच्या शाळेचा खर्च आणि औषधोपचाराचा विमा यांत बहुतेक पैसा जातो. उरते त्यात घर चालते ते या वहीवर. कोणती वस्तू कधी किती भावाला होती, कधी उतरली, घरात किती शिल्लक आहे, सगळे तारीखवार लिहिलेले. सोलापुरात अम्मींना यातले काही माहीत नव्हते. आता तिनेच त्यांना सांगितले आहे, आणि हे आम्ही तिच्या संमतीने लिहीत आहोत.

त्यानंतर त्या गोदामात आम्ही दोनदा गेलो, पण वेगळ्या नजरेने. तिचे काही नियम आहेत, ते आपल्या घरांनाही उपयोगी पडतील.

पहिला, यादीत नसलेली वस्तू कितीही उतरली तरी उचलायची नाही. काचेच्या डब्यांचा एक सुंदर संच १४.९७ ला होता, तारा लागलेला. आमचा हात तिकडे गेला. ती म्हणाली, “आपा, घरी डबे नाहीत का?” होते. संच तिथेच राहिला. दुकानातल्या वस्तू सतत बदलत ठेवायच्या, म्हणजे ‘आज घेतले नाही तर उद्या मिळणार नाही’ या भीतीने माणूस घेतो, ही या धंद्याची जाणूनबुजून केलेली युक्ती आहे. पाटीवरचा तारा गरजवंताला मदत करतो आणि हौशी माणसाला फसवतो. तारा तोच, फरक घेणाऱ्यात आहे.

दुसरा, मोठे पाकीट म्हणजे स्वस्त असे धरायचे नाही. पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दर औंसाची किंवा दर नगाची किंमत असते, ती पाहायची. आम्ही शाळेत मुलांना एकमान पद्धत शिकवतो, तीच ही. शिवाय मोठे पाकीट संपण्याआधी खराब झाले तर सगळा हिशेब उलटतो. म्हणून मशिदीत ओळख झालेली तीन कुटुंबे घरी बसून तांदूळ, बदाम, तेल वाटून घेतात. ज्याचे त्याचे पैसे वहीत मांडलेले असतात.

तिसरा, हलालच्या बाबतीत भाव पाहायचाच नाही. भाजलेली अख्खी कोंबडी तिथे ४.९९ डॉलरला मिळते आणि ती घ्यायला लोक रांगा लावतात. बाहेर पडताना खाण्याच्या खिडकीवर १९८५ च्या सुमारापासून दीड डॉलरलाच मिळणारे हॉट डॉग आहे. पण त्यांवर हलालची खूण नाही, म्हणून ती ट्रॉली तिथून सरळ पुढे नेते. ऑस्ट्रेलियातून आलेल्या कोकराच्या मांसाच्या पाकिटावर हलालचा शिक्का दिसला तर तेवढे घेते. मुलांनी हट्ट केला तर १.९९ ला चीज पिझ्झाचा तुकडा.

चौथा नियम पावतीचा. घेतलेल्या वस्तूचा भाव ३० दिवसांत उतरला तर फरक परत मागता येतो. मागायला ती लाजत नाही. आणि एखादी वस्तू हिशेबात चुकून कमी लागली तर परत जाऊन सांगायलाही लाजत नाही. एका दुपारी केवळ तेवढ्यासाठी आम्ही तिच्यासोबत रांगेत उभे राहिलो. खिडकीवरच्या बाईंना आधी कळेचना की ही पैसे मागायला आली नसून द्यायला आली आहे.

तिथे उभे असताना आम्हाला ती हदीस आठवली. रसूलुल्लाह (सल्ल.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घालतात, आतले धान्य ओले लागते, आणि ओले धान्य वर का ठेवले नाही असे ते विक्रेत्याला विचारतात. वस्तूतला दोष दाखवून विकावे, मापात आणि भावात लपवाछपवी नसावी, ही आपल्या दीनची शिकवण. नफ्याची मर्यादा आधी सांगणारे, दर नगाचा भाव पाटीवर छापणारे आणि वस्तू पसंत पडली नाही तर परत घेणारे दुकान पाहिले की चांगले वाटते. ती काही धर्मादाय संस्था नाही, ट्रॉल्या मुद्दाम मोठ्या ठेवलेल्या आहेत हे आम्ही पाहिले. पण ग्राहकही सचोटीचा असावा लागतो, तरच असा व्यवहार टिकतो. आणि इसराफ, म्हणजे उधळपट्टी, फक्त महाग वस्तूंत होते असे नाही. स्वस्त मिळाले म्हणून घेतलेली आणि कपाटात पडून राहिलेली वस्तूही इसराफच.

निघायच्या आठवड्यात बहिणीने आतल्या खोलीतले कपाट उघडले. त्यात सोलापूरच्या नातेवाइकांसाठी भेटी होत्या. मामूंसाठी मोजे, अम्मींसाठी जीवनसत्त्वाच्या गोळ्या, फुफ्फूंसाठी मऊ चादर, भाच्यांसाठी ते रात्रीचे कपडे, सर्वांसाठी बदाम. वर्षभर एकेक करून, ९७ वर उतरण्याची वाट पाहून जमवलेल्या. नोकरी असताना सुरू केलेला हा रिवाज नोकरी गेल्यावरही तिने सोडला नव्हता. प्रत्येक वस्तूवरची किमतीची चिठ्ठी ती नखाने काढत होती. स्वस्तात घेतले हे कोणाला कळू नये म्हणून.

आम्ही म्हटले, “अगं, इतके कशाला? या वर्षी राहू दे.”

ती म्हणाली, “अमेरिकेतून रिकाम्या हाताने आलात तर लोक काय समजतील, आपा?”

आम्ही त्या भेटींतल्या निम्म्या तिच्याकडेच ठेवल्या. मोजे तिच्या मुलांना बसत होते, बदाम तिच्या घरात संपले असते. आधी ती रुसली, मग दोघी रडलो, मग तिने चहा केला. सोबत नेलेल्या सोलापुरी चादरी तिने जपून ठेवल्या होत्या, त्यांतली एक काढून अंथरली.

आपल्या समाजातल्या किती घरांतली माणसे आज आखातात, इंग्लंडमध्ये, अमेरिकेत आहेत. ती सुट्टीला आली की घरात बॅगा उघडतात आणि सगळे भोवती जमतात. कोणाला काय मिळाले, कोणाला कमी मिळाले, याची चर्चा पुढे महिनाभर चालते. लग्नात आहेर मोजावा तशी आपण ती बॅग मोजतो. पण त्या बॅगेमागे कोणाची तरी वही असते. तीन महिने सोडून दिलेली आणि मग घेतलेली वस्तू असते. कदाचित गेलेली नोकरीही असते, जिच्याबद्दल घरी कोणी बोललेले नसते.

आमच्या घरात या वर्षी आम्ही एक ठरवले आहे. परदेशातून येणाऱ्या कोणाकडेही यादी पाठवायची नाही. आणि फोनवर ‘काय आणणार?’ हे विचारण्याऐवजी ‘तुमचे कसे चालले आहे?’ हे विचारायचे, उत्तर पूर्ण ऐकायचे, आणि गरज असेल तर आपणच हात पुढे करायचा. मदत तिकडून इकडेच यावी असा काही नियम नाही. गेल्या महिन्यात अम्मींनी आपल्या साठवलेल्या पैशांतून काही रक्कम सॅन डिएगोला पाठवली. बहिणीने ती घेतली. अल्लाह त्यांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.